कितीपैकी अकरा?

दोह्यातली थंडी जाताना निरोप घेत नाही. एके दुपारी अल सद्दमधल्या आमच्या फ्लॅटची खिडकी उघडीच ठेवावीशी वाटते. खालच्या कॅफेटेरियात करक चहा उकळत असतो, त्यातल्या वेलचीचा वास जिन्याने चढत आमच्या दारापर्यंत येतो. वारा पडद्यात शिरतो. त्यात अजून धूळ नसते, भट्टीही पेटलेली नसते. आणि हॉलमधून आईचा आवाज येतो, "नुसतं उत्तर नको, स्टेप लिही. स्टेपला मार्क असतात." आई गणिताच्या शिकवण्या घेते. तिचा आवाज असा चढायला लागला की समजायचं, हंगाम आला. तिकडे नाशकात या दिवसांत द्राक्षं उतरतात. इथे मार्क उतरतात.

यंदाही हंगाम आलाय. फक्त आता 'मार्क' म्हटलं की मला दोन गोष्टी एकदम दिसतात. आईचं लाल पेन, आणि नव्वदीला टेकलेल्या एका माणसाचे हवेत वर गेलेले दोन हात.

मी कॉलेजात पत्रकं लिहायला शिकले. हॉस्टेलचं पाणी, बसचा पास, मेसमधल्या अळ्या. नियम साधा होता. पहिल्या ओळीत आरोप, शेवटच्या ओळीत मागणी, मधे कोणाला झोप लागता कामा नये. इथे मी ऑफिसात बसते, पत्रकं वाटत नाही, पण हाताला लागलेली सवय जात नाही. तेव्हा वारा, वेलची, पडदा एवढं पुरे. आरोप असा आहे : एका माणसाला भर मैदानात मागून मारून पाडलं, शुद्ध हरपलेली असताना उभं करून पुन्हा खेळायला लावलं, आणि सत्तर वर्षं लोक त्यावर हसले. तो माणूसही हसला. ते हसू मी माझ्या कानांनी ऐकलं आणि अजून ते माझ्या पचनी पडलेलं नाही.

त्या माणसाचं नाव वॉली. माझी धाकटी बहीण सई अल दुहैलच्या शाळेत जाते, तिथल्या पीटीच्या टीचर रूथ यांचे ते वडील. रूथ मेलबर्नकडच्या. त्यांची आई वारली तेव्हा म्हाताऱ्या वडिलांना तिकडे एकटं कसं ठेवायचं, म्हणून त्या त्यांना इथे आपल्या कंपाउंडमध्ये घेऊन आल्या. आईने पहिल्याच भेटीत त्यांचा 'वाली आजोबा' करून टाकला. मी म्हटलं, आई, वॉली. ती म्हणाली, मग मी काय म्हणतेय, वाली.

रूथनी शाळेतल्या मुलींची टीम उभी केली होती. खेळाचं नाव फुटबॉल, पण आपण ओळखतो तो फुटबॉल नव्हे. यात चेंडू लंबगोल, मैदान लंबगोल, दोन्ही टोकांना चार-चार खांब, चेंडूला हात लावायची मुभा आणि माणसाला धडक द्यायचीही. दोह्यात लंबगोल मैदान कोण देणार? मग नेहमीच्याच चौकोनी मैदानात नारिंगी शंकू मांडून कोपरे कापायचे. कापलेल्या कोपऱ्यात मुली बॅगा टाकायच्या आणि तिथेच घडीच्या खुर्चीत वॉली बसायचे. डोक्यावर लोकरी टोपी, मांडीवर रग. आजूबाजूला लोक अर्ध्या बाह्यांत आणि हे असे बसलेले, जणू ह्यांच्या एकट्यावर गावचा पाऊस पडतोय.

गेल्या वर्षीच्या त्या हंगामात दर मंगळवारी सईला प्रॅक्टिसला सोडायला मी आणि आई जायचो. तिची प्रॅक्टिस संपेपर्यंत वॉलींनी आम्हाला आपली सगळी कारकीर्द तुकड्यातुकड्यांनी सांगितली. ते इंग्रजीत बोलायचे, तेही अर्धं नाकातून. मी इथे मराठीत लिहितेय.

त्यांचं घर दुधाच्या गायींचं. पहाटे अंधारात उठून धारा काढायच्या, थंडीने बोटं वाकायची नाहीत, तरी काढायच्या. पुढे सगळ्या शहराला ज्या पकडीचं कौतुक वाटलं ती गायींनी घडवली होती, असं ते म्हणायचे. मिसरूड फुटत असताना शहरातल्या क्लबचा एक माणूस मोटारीतून गावी आला, कुंपणाला टेकून त्यांचा खेळ पाहिला आणि संध्याकाळी घरी येऊन त्यांना मागून घेतलं. मुलीला मागणी घालतात तसं, आई म्हणाली. वडिलांनी एकच विचारलं, मग धारा कोण काढणार?

ते साल पन्नासच्या दशकातलं. तेव्हा हे नुसतं खेळून कोणाचं पोट भरत नसे. वॉली आठवडाभर लाकडाच्या वखारीत फळ्या उचलायचे आणि शनिवारी हजारो लोकांसमोर खेळायचे. सोमवारी पुन्हा फळ्या. लोकरीची जर्सी पावसात भिजली की अंगावर दुसरा माणूस बसल्यासारखी जड व्हायची. चामड्याचा चेंडू चिखल पिऊन विटेसारखा व्हायचा. कपडे बदलायच्या खोलीत निलगिरी तेलाचा इतका वास की डोळ्यांतून पाणी यायचं. निलगिरीचं नाव ऐकताच आईने पर्समधून छोटी बाटली काढून त्यांना दिली. आमच्या घरी ती सर्दीसाठी असते. त्यांनी बूच उघडून हुंगलं, डोळे मिटले, आणि बराच वेळ मैदानावर कोण काय करतंय याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

त्यांची खासियत होती मार्क. त्या खेळात कोणी लाथेने उडवलेला चेंडू जमिनीवर पडायच्या आत स्वच्छ झेलला की त्याला मार्क म्हणतात. मार्क घेतलेल्याला मग कोणी हात लावायचा नाही. तो शांतपणे मागे जातो आणि मोकळी किक मारतो. चार जण एकाच चेंडूसाठी उडी मारतात, एकमेकांच्या पाठीवर, खांद्यावर गुडघे रोवून वर चढतात, आणि त्या गुंत्यातून दोन हात सगळ्यांच्या वर येतात. वॉली ते खुर्चीत बसून करून दाखवायचे. थरथरणारे हात वर जायचे आणि वर गेल्यावर थरथर थांबायची. हे मी पाहिलंय.

"फायनलला मी अकरा मार्क घेतले," ते एकदा म्हणाले.

आईने सहानुभूतीने विचारलं, "कितीपैकी?"

तिने विचारलं इंग्रजीत, पण हा प्रश्न मुळात मराठीच आहे. वॉलींना तो कळेना. मला हसू आवरेना. शेवटी कळला तेव्हा ते इतके हसले की रूथ शिट्टी तोंडातून काढून धावत आल्या. मग तो त्या दोघांचा विनोद झाला. मुलींपैकी कोणी चेंडू झेलला की वॉली आईकडे वळून बोट वर करायचे आणि आई म्हणायची, कितीपैकी?

हंगामाच्या शेवटच्या मंगळवारी सईला धडक बसली. दोघी एकाच चेंडूवर गेल्या, सई खाली, दुसरीचा गुडघा सईच्या कानामागे. ती लगेच उठली. रूथ नियमाच्या पक्क्या. डोक्याला लागलं की बाहेर बसवायचं आणि पाच प्रश्न विचारायचे : हे कुठलं मैदान, कितवा क्वार्टर चालू आहे, शेवटचा गोल कोणी केला, मागच्या वेळी कोणाशी खेळलो, जिंकलो की हरलो. सईने पाचही उत्तरं धडाधड दिली. तरी रूथनी तिला पुन्हा आत सोडलं नाही. शुक्रवारी शेवटचा सामना होता. त्याच्या सकाळी पुन्हा विचारते आणि मग ठरवते, म्हणाल्या.

"पाचपैकी पाच," गाडीत बसताना सईने आईला सांगितलं. आई म्हणाली, असं गणितात कर. सई सगळं इंग्रजीतच बोलते, मराठी तिला कळतं तेवढं पुरतं. त्या दिवशी गाडीत तिने आपली पाण्याची बाटली कुठे आहे म्हणून विचारलं. बाटली तिच्या हातात होती. सिग्नलला पुन्हा विचारलं. घरापाशी पुन्हा. आई म्हणाली, परीक्षेचं टेन्शन. मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. सईने माझा हात झटकला आणि म्हणाली, ताई, याचं पत्रक करू नकोस.

त्या शेवटच्या सामन्यात खेळणं हे त्या पोरीचं जगातलं एकमेव ध्येय होतं, हे इथे सांगायला हवं. वर्षभर ती राखीव होती. पहिल्यांदाच सुरुवातीच्या टीममध्ये नाव आलं होतं. आणि त्या लोकांत एक रीत आहे. पहिल्यांदा खरी जर्सी घालायची ती आधीच्या कोणा जुन्या खेळाडूच्या हातून घ्यायची. सईला ती वॉली देणार होते.

त्यासाठी गुरुवारी दुपारी रूथनी आम्हाला चहाला बोलावलं. अल दुहैलच्या त्या कंपाउंडमध्ये बोगनवेल फुलली होती, भिंतीपलीकडे कोणाच्या तरी पोहण्याच्या तलावात पोरं उड्या मारत होती. आईने नारळाच्या वड्या नेल्या होत्या. शाळेतल्या दोन-तीन ऑस्ट्रेलियन टीचरही होत्या. वॉलींच्या मांडीवर घडी घातलेली जर्सी. सर्वांनी आग्रह केला, फायनल सांगा.

त्यांनी सांगितली. काय सांगितली! सकाळपासूनचा पाऊस, समोरून येणारा वारा, तिसऱ्या क्वार्टरपर्यंत मागे पडलेली टीम, मग एकामागून एक मार्क, आणि अगदी शेवटी तो अकरावा. भोंगा वाजायच्या बेतात असताना तिघांच्या डोक्यांवरून झेललेला, आणि त्यावरची किक जी खांबाच्या आतल्या बाजूला चाटून गेली. रूथना वाक्यं पाठ होती, त्या मधेमधे पुरवायच्या. मी विचारलं, तो शेवटचा चेंडू हातात आला त्या क्षणी तुम्हाला काय वाटलं?

"मला काय माहीत, पोरी?" वॉली म्हणाले. "मी तिथे नव्हतो."

सगळे खो खो हसले. ही जागा हसायचीच होती, ठरलेली. मग त्यांनी उरलेलं सांगितलं. पहिल्याच क्वार्टरमध्ये, चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असताना, पंच तिकडे बघत असताना, समोरच्या टीममधल्या एकाने मागून येऊन कानाखाली कोपर घातलं होतं. आईने माझ्या कानात म्हटलं, "मग नाव बरोबरच आहे. त्या वालीलाही आडूनच मारलं होतं." तिने ते हळू म्हटलं, पण तिचा चहा तसाच राहिला.

त्या काळी बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकत नसे, आणि राखीव तर सुरुवातीच्याच दोन दुखापतींत वापरून झाले होते. ट्रेनर धावत आला. नाकाशी कसलीशी झणझणीत बाटली धरली आणि विचारलं, किती बोटं? "तो नेहमी दोनच धरायचा," वॉली म्हणाले. "सगळ्यांना ठाऊक होतं. मी म्हणालो, दोन." पुन्हा हशा. आणि शेवट असा : सामना जिंकला, लोकांनी ह्यांना खांद्यावर घेतलं, आत आणलं, न्हाणीच्या कठड्यावर बसवलं, कोणी बुटांची नाडी सोडायला लागलं, तेव्हा ह्यांनी विचारलं, काय रे, मैदानात कधी उतरायचं?

टीचर डोळे पुसत होत्या. जुन्या खेळाडूंच्या प्रत्येक भेटीत म्हणे हा किस्सा व्हायचा. वॉलींना त्या दिवसातलं कपडे बदलणं आठवतं, निलगिरी आठवते, आणि नंतर न्हाणीच्या लाद्या. मधलं काही नाही. पाऊस, वारा, अकरा मार्क, सगळं त्यांनी पेपरांतून, रेडिओवरून, दोस्तांच्या तोंडून गोळा केलं. आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस त्या माणसाने पाठ केला होता.

मला राहवलं नाही. कोणी मारलं, त्याचं काय झालं? आई टेबलाखालून पाय दाबत होती, मी दाबू दिला नाही. वॉली म्हणाले, काही नाही, चांगला पोरगा होता, माझ्या लग्नाला आला होता. आणि तो ट्रेनर, ज्याला दिसत होतं? तो आमच्या गल्लीतला न्हावी, म्हणाले, त्याला वाटत होतं आपण जिंकावं. मलाही तेच वाटत होतं. पत्रकाला आरोपी लागतो. मला त्या अख्ख्या गोष्टीत एकसुद्धा मिळेना. सगळे चांगले. सगळ्यांना जिंकायचं होतं. ह्यालाच धैर्य म्हणून सत्तर वर्षं टाळ्या पडल्या. माझ्या हातातली वडी तशीच चुरगळली.

आणि मग माझं लक्ष सईकडे गेलं. ती आधी सगळ्यांबरोबर हसली होती. आता हसत नव्हती. 'दोन' या शब्दापाशी तिचं हसू कुठेतरी अडकलं होतं. माझ्याही आधी ते वॉलींनी पाहिलं असावं, कारण जर्सी द्यायला पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला.

"मंगळवारी तुझ्या आईने डब्यात काय दिलं होतं?" त्यांनी विचारलं.

सईने आईकडे पाहिलं. वर्गात उत्तर येत नसलं की शेजारच्याकडे बघतात तसं. आईचे ओठ हलले. वॉलींनी तिला हाताने थांबवलं.

"सँडविच?" सई म्हणाली.

धपाटे होते. तिखट झालेत म्हणून तिने वाटेत कुरकुर केली होती, तरी तीन खाल्ले होते. पलीकडची पोरं पाण्यात उड्या मारत होती.

"तो प्रश्न कपाटावर नव्हता," सई हळू आवाजात म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. ते पाच प्रश्न खेळाच्या सामानाच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले होते. आमची सई शिकवणीच्या घरातली. तिने ते अपेक्षित प्रश्न म्हणून पाठ केले होते. कपाट उघडलं की उत्तरं ताजी करून ठेवायची, बाकापर्यंत चालत येताना मैत्रिणीला शेवटचा गोल विचारून घ्यायचा. यात लबाडी आहे असं तिला वाटलंच नव्हतं. प्रश्न दिसला की उत्तर तयार ठेवायचं, दुसरं आम्ही तिला शिकवलंय काय? मंगळवारची दुपार तिच्याजवळ नव्हतीच. घरून निघाल्याचं आठवत होतं, मग रात्रीचा वरणभात. मधे पाचपैकी पाच.

आई उठली. वड्यांच्या डब्याचं झाकण लावलं, ते नीट बसलेलं असूनही पुन्हा दाबलं. मग वॉलींकडे वळून चक्क मराठीत म्हणाली, "आजोबा, ती जर्सी राहू द्या."

त्यांना मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. ते जरा उठले, जर्सी स्वतःच्या खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसले.

त्याच संध्याकाळी सईला डॉक्टरांकडे नेलं. खेळ बंद, मोबाइल बंद, अभ्यासही बंद. अभ्यास बंद हे आईच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. शिकवणीच्या मुलांनाही तिने दोन दिवस सुट्टी दिली आणि लाल पेन कुठे ठेवलं ते तिला सापडेना. शुक्रवारी सई मैदानावर गेली ती बसायला. माझ्याशी बोलत नव्हती, आईशी नाही, रूथशीही नाही. वॉलींच्या शेजारी जमिनीवर गुडघ्यांत तोंड घालून बसली होती. आमची टीम हरत होती. वॉली प्रत्येक मार्कला बोट वर करत होते, आई प्रश्न विचारत नव्हती. मधेच सईने त्यांना विचारलं, त्या दिवशी बाहेर बसला असतात तर टीम हरली असती ना?

"हरली असती," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "पण तो सामना बघायला मला आवडलं असतं. सगळे म्हणतात, फार सुंदर झाला."

सई सरकून त्यांच्या खुर्चीला टेकली. सामना संपेपर्यंत तशीच.

उन्हाळ्यात वॉली गेले. झोपेत, अल दुहैलच्या त्याच घरात. रूथनी तिकडच्या पेपरात छापून आलेलं आम्हाला दाखवलं. पाऊस होता, वारा होता, अकरा मार्क होते, शौर्य हा शब्द दोनदा होता, आणि न्हाणीच्या कठड्यावरचा किस्सा चौकटीत. वाचणारे हसले असतील. मी ते पुन्हा वाचलं आणि पुन्हा तशीच संतापले. त्या चौकटीत कोणालाही आईचा तो साधा प्रश्न पडला नव्हता : कितीपैकी अकरा?

आता पुन्हा पडदा फुगतोय. सईची दहावी आहे, तरी आई तिला मंगळवारी स्वतः प्रॅक्टिसला घेऊन जाते. कपाटाच्या दारावर आता काही नाही. रूथ दर वेळी वेगळं विचारतात. जर्सी सईला त्यांनीच दिली, वॉलींच्या रिकाम्या खुर्चीवरून उचलून. पाठीवर ती थोडी चुरगळलेली आहे. सईने इस्त्री करू दिली नाही.

काल परतताना सिग्नलला गाडी थांबली. सई घामाने भिजलेली, मागच्या सीटवर पाय पसरून बसलेली. आईने आरशात बघत विचारलं, "आज डब्यात काय होतं?"

पूर्वी हीच प्रॅक्टिसनंतर गणिताचं विचारायची. सईने डोळे फिरवले, उसासा टाकला. सिग्नल हिरवा झाला तरी आई गाडी पुढे घेईना. मागचा हॉर्न वाजवायला लागला.

"धपाटे," सई म्हणाली. "जास्त तिखट."

आईने गिअर टाकला.